गाडी कोण चालवत होतं

वकिलांनी लाल पेनानं मारलेली रेघ त्या ओळीच्या बरोबर मधून गेली होती आणि शेजारी समासात तिरकं लिहिलं होतं, ‘हे काढा’. मी तो कागद हातात धरून नुसती बसले. बाहेर ऑक्टोबरचं ऊन कलेक्टर कचेरीच्या भिंतीवर आपटून आमच्याच दुकानात शिरत होतं, झेरॉक्सचं मशीन सकाळपासून धापा टाकत होतं, आणि दुकानाचे मालक महेश्वरअण्णा फोनवर तेलुगूत कुणाला तरी कागदाची रिमं पाठव म्हणून झापत होते. उमेदवारी अर्ज भरायला दोन दिवस उरले होते. या दिवसांत आमच्या टायपिंगच्या दुकानात उभं राहायला जागा नसते. अर्ज, शपथपत्र, सूचकांची यादी, अर्ध्या जिल्ह्याचे कागद अण्णांकडे येतात, कारण इथं चूक होत नाही असं नाव झालंय. ती चूक होत नाही ती माझ्या बोटांमुळे. आमदार आदिनाथ महिपती उमाटे, म्हणजे सगळ्यांचे आबा, यांचं शपथपत्र मी तिसऱ्यांदा करत होते. वकिलांनी पाच वर्षांपूर्वीचीच प्रत दुरुस्त करून आणली होती. वय पाच वर्षांनी वाढवलं होतं, पक्षाचं नाव खोडून दुसरं लिहिलं होतं. त्याचं मला काही वाटलं नाही. पण प्रलंबित गुन्ह्यांच्या तक्त्यात एकच ओळ होती आणि त्या ओळीत माझी आई होती.

“वकीलसाहेब, ही ओळ काढायची?”

“मग? सुटले की आबा त्याच्यातनं. गेल्या वर्षीच.” त्यांनी चहाचा कप माझ्या कीबोर्डच्या कडेला ठेवला. “तिथं ‘निरंक’ टाका. बरं झालं, पेपरात तीन तीन वेळा जाहिरात द्यायची कटकट मिटली.”

सुटले. शाळा सुटते, एसटी सुटते, म्हातारपणी पोट सुटतं. मी हा शब्द आयुष्यभर वापरला, पण त्याचा इतका राग मला कधी आला नव्हता. वकिलांना मी कोण ते ठाऊक नव्हतं. लग्नानंतर माझं आडनाव बदललं, आणि तसंही कचेरीसमोरच्या या गल्लीत मला ‘ऋतुजा मॅडम’च्या पुढं कुणी काही विचारलेलं नाही. मी माउसनं ती ओळ निवडली. ती निळी झाली. ‘फौजदारी खटला क्रमांक २१७/२०१०, हयगयीने वाहन चालवून एका महिलेच्या मृत्यूस कारणीभूत झाल्याबाबत.’ ही ओळ पहिल्यांदा मीच टाइप केली होती, दोन हजार चौदा साली. बावीस वर्षांची होते, दुकानात लागून चार महिने झाले होते. आबांचा कागद समोर आला तेव्हा मी ‘एका महिलेच्या’ हे शब्द गाळून तिथं ‘सोजरबाई भीमा लवटे, वय ३९’ असं घातलं होतं. तेव्हाही हेच वकील होते. “नावं लागत न्हाईत मॅडम,” म्हणाले आणि परत ‘एका महिलेच्या’ करायला लावलं. मी केलं. नोकरी नवी होती, असं मी स्वतःला सांगितलं. पाच वर्षांनी नोकरी जुनी झाली होती तरी मी तेच केलं.

ती बाई माझ्या आधी उठायची. चुलीपुढं बसून केस विंचरायची आणि गळालेले केस बोटाला गुंडाळून भिंतीच्या भेगेत खोचायची, म्हणून आप्पा, माझे वडील, तिच्यावर ओरडायचे. गावात बचत गट तिनंच काढला होता. आबा जिल्हा परिषदेला उभे होते तेव्हापासून ती त्यांच्यासाठी वस्तीवस्तीनं फिरायची, कारण आबांनी आमच्या कोळवाडीला उन्हाळ्यात टँकर आणून दिला होता आणि टँकरसमोर तिला ‘ताई’ म्हटलं होतं. तेवढं बास झालं तिला. दोन हजार नऊला आबांना तिकीट नाकारलं, ते अपक्ष उभे राहिले, शिलाई मशीन ही निशाणी मिळाली, तर आईनं आमच्या घरातलं खरं मशीन डोक्यावर घेऊन प्रचार केला. अकराशे अडतीस मतांनी आबा निवडून आले. त्या संध्याकाळी मिरवणूक कोळवाडीत आली. दिवाळी नुकतीच सरली होती, ऊन अजून होतं. आप्पा गवंडी, पण हलगी अशी वाजवायचे की शेजारच्या गावात बोलावणं यायचं. ते सगळ्यांच्या पुढं वाजवत होते. चावडीच्या वळणावर आई ओवाळायला ताट घेऊन उभी होती आणि निरांजन विझू नये म्हणून मी तिच्या अंगाला लागून हाताचा आडोसा धरला होता. उघडी पांढरी जीप. ड्रायव्हर शिवूला बाजूला सरकवून आबा स्वतः चाकावर बसले होते, नवा आमदार आपल्या माणसांत स्वतः गाडी चालवत येतो असा फोटो पाहिजे होता कुणाला तरी. जीप आमच्यासमोर आली. आई एक पाऊल पुढं झाली. आणि आबांनी तिला बघून चाकावरचे दोन्ही हात उचलले आणि नमस्कार केला.

मला तेवढंच दिसलं, आणि तेवढं पुरेसं होतं. जोडलेले दोन हात, त्यांच्यामागं ते हसू, आणि मोकळं फिरणारं चाक. माझ्या हातावर गरम तेल सांडलं. दवाखान्यात नर्सनं आईच्या अंगावरचा गुलाल आधी पुसला आणि मग जखम शोधली, आणि जखम सापडेपर्यंत शोधायचं कारण उरलं नव्हतं.

पोलिसांनी पंचनाम्यात ‘अज्ञात चालक’ लिहिलं. हजार माणसांत, फटाक्यांत, वीस फुटांवरून ज्याच्यावर फुलं पडत होती तो अज्ञात. तेव्हा माझ्या बापानं जे केलं त्याच्यावर मी पुढची पंधरा वर्षं जगले. आप्पा ठाण्यासमोर जाऊन बसले. तीन दिवस. कुणी ओरडून सांगितलं, कुणी गोडीत सांगितलं, जेवण आणून दिलं ते त्यांनी कुत्र्याला घातलं. “आदिनाथ उमाटे गाडी चालवत हुता, एवढं लिवा, मी उठतो.” एवढंच म्हणायचे. मी साक्षीला येते म्हणाले, तर माझ्याकडं न बघता म्हणाले, “पोरीच्या जातीला कोर्टात उभं न्हाय करायचं. मी हाय की.” चौथ्या दिवशी लिहिलं. त्यानंतर गावात त्यांना कुणी बांधकामाला बोलावेना. सायकलवर बारा-बारा मैल जाऊन परगावात भिंती बांधल्या. हलगी खुंटीवरून कधी काढली नाही. मी सोलापूरला आले, शिकले, लग्न केलं, आणि कुणी बापाबद्दल विचारलं की माझी मान आपोआप ताठ व्हायची. कोर्टाच्या तारखा पडत राहिल्या. आप्पा जाऊन उभे राहत, परत येत. मी फोनवर विचारायचे, “काय झालं?” ते म्हणायचे, “तारीख.”

आणि आबांची कारकीर्द पुढं चाललीच होती. ती मला तोंडपाठ आहे, कारण दर वेळी मीच ती टाइप केली. अपक्ष म्हणून आले ते सहा महिन्यांत सत्तेतल्यांच्या मांडीवर जाऊन बसले. चौदाला त्या पक्षाकडून पडले. एकोणीसला दुसऱ्याकडून उभे राहिले आणि सात हजारांनी आले. बावीसला पहाटेच्या विमानानं कुठं तरी गेले आणि परत आले ते तिसऱ्याचे होऊन. माणूस तोच, झेंडे बदलत गेले, मतदारसंघातल्या भिंती परत परत रंगवल्या गेल्या. या सगळ्यात एकच गोष्ट बदलत नव्हती, ती म्हणजे त्यांच्या शपथपत्रातली ती ओळ. मी हे कुणाला बोलून दाखवलेलं नाही, पण मला त्या ओळीचा आधार होता. एकोणीसला नियमाप्रमाणं ती पेपरात छापून आली, तीन वेळा, फोटोसकट. आबांना स्वतःच्या खर्चानं जगाला सांगावं लागलं की आपल्या हातून एक बाई मेली असा आरोप आहे. मी त्या दिवशी तो पेपर पसरून जेवायला बसले, आणि एक कडू समाधान वाटत होतं. आईचं श्राद्ध आम्ही कधी नीट घातलं नाही. पाच वर्षांनी एकदा सरकारच घालतंय, असं वाटायचं.

‘निरंक’ टाइप करायला चार सेकंद लागली. हो, मी टाइप केलं. वकील टेबलाला टेकून उभे होते, मागं सहा माणसं ताटकळत होती, आणि माझ्या बोटांनी माझी वाट बघितली नाही. मग पोटात दुखतंय असं सांगून मी मागच्या बाजूला गेले, जिथं अण्णा जुने टोनर ठेवतात, आणि मोबाइलवर कोर्टाच्या साइटला तो खटल्याचा क्रमांक घातला. दुसऱ्यांसाठी दिवसातून दहा वेळा घालते. स्वतःसाठी कधी घातला नव्हता, कारण आप्पा ‘तारीख’ म्हणत होते आणि आप्पा सांगतात ते खरं असतं. निकाली. निर्दोष मुक्तता. खाली निकालपत्र होतं, अकरा पानांचं. मी उभ्या उभ्या वाचलं. साक्षीदार क्रमांक दोन फितूर. तीन फितूर. शिवू ड्रायव्हर दोन वर्षांपूर्वी मयत. आणि साक्षीदार क्रमांक एक, फिर्यादी, भीमा लवटे, धंदा गवंडीकाम: ‘मी हलगी वाजवत होतो. माझी पाठ गाडीकडे होती. गाडी कोण चालवत होते ते मी पाहिले नाही. फिर्यादीतील मजकूर पोलिसांनी त्यांच्या मनाने लिहिला.’ तारीख, गेल्या वर्षीची, चौदा जून.

मला आधी काहीच वाटलं नाही. मग कानामागून काही तरी चढत गेलं, तापासारखं. चौदा जूनच्या आधी आणि नंतर आप्पांशी मी किती वेळा बोलले असेन! आंब्यांबद्दल बोलले होते. आणि जुलैमध्ये माझ्या भावाचा, अभिमन्यूचा फोन आला होता, आनंदानं धापा टाकत, “आक्का, मान्यता आली!” आबांच्या संस्थेच्या कॉलेजात तो प्रयोगशाळेत परिचर होता, पाच वर्षं नुसता हंगामी, आता कायम झाला होता. मी त्याला म्हटलं होतं, त्यांच्या संस्थेत कशाला राहतोस, तर म्हणाला होता, आक्का, तालुक्यात दुसरं हाय तरी काय. मी पेढे आणले होते. स्वतः जाऊन आणले होते, नव्या पेठेतून, आणि गल्लीत वाटले होते.

आप्पांनी तिसऱ्या रिंगला फोन उचलला. मागं कुठं तरी विटा फोडल्याचा आवाज येत होता.

“आप्पा, मागल्या वर्षी जून महिन्यात कोर्टात काय सांगितलं तुमी?”

“कोन बोललं तुला?”

“कोर्टच बोललं. कागद हाय माज्यापुढं. तुमची पाठ गाडीकडं हुती व्हय? मी तितं हुते आप्पा. तुमी उलटं चालत हुता, तोंड गाडीकडं करून. वाजवणारा तसाच चालतो.”

“ऋतू, कामावर हाय मी.”

“मला कोण कोण फसवत हुतं तेवढं सांगा. अभीला ठाव हुतं?”

आप्पा बाजूला झाले असावेत, आवाज कमी झाला. मग एकदम बोलले, इतक्या जोरात की मी फोन कानापासून लांब धरला. “चौदा वर्सं मी खरंच बोलत हुतो की गं! ठाण्यात बोललो, चावडीवर बोललो, तारखंला जाऊन उभा ऱ्हायलो. कुनी लिवून घेतलं? सरकारी वकील म्हनायचा, आज न्हाय, फुडच्या बारीला. एक दिस खोटं बोललो, तर त्येंनी ते लगीच लिवलं. टाइप करून माजा अंगठा घेतला. मला सही येती म्हनलो, तरी अंगठा घेतला.”

“आन अभीची मान्यता?”

“त्येला दोन लेकरं हायती.”

“मला एकच आई हुती.”

“मग तू काय केलंस?” आप्पा म्हणाले. आता आवाज खाली होता आणि तोच जास्त लागला. “धा वर्सं त्याच मानसाची कागदं करतीस न्हवं तू तितं बसून? मी कधी इचारलं तुला?”

मी फोन बंद केला. टोनरची काळी भुकटी बोटांना लागली होती आणि ती मी साडीला पुसत राहिले. मला आप्पांचा राग आला होता, अभीचा आला होता, त्या न्यायाधीशाचा आला होता ज्यानं अकरा पानं लिहिली आणि हलगीवाला कसा चालतो हे एकदा विचारलं नाही. आणि या सगळ्या रागांच्या खाली, तळाशी, आप्पांनी जे म्हटलं त्याचा दगड होता. तो हलेना. दहा वर्षं. स्वच्छ, बिनचूक, समास सोडून.

चार वाजता आबा आले सहीला. दुकानात माणसं आधी आली, उपरणी आली, अत्तराचा वास आला, मग आबा. अण्णांनी खुर्ची पुसली. आबा आता साठीला आले होते, पण अजून तसेच रुंद, पांढरेशुभ्र. नोटरी शेजारी बसले. मी एकेक पान पुढं सरकवत होते आणि ते न वाचता सही करत होते. हात पाहत होते मी त्यांचे. जाड, केस नसलेले, मऊ हात.

“नाव काय ताई तुमचं? लई नीट काम करता म्हनत्यात.”

“ऋतुजा. कोळवाडीची. भीमा लवट्याची लेक.”

वकिलांची मान झटकन वर झाली. आबांच्या चेहऱ्यावर मात्र एक क्षण, फक्त एक क्षण, कुणी तरी फाइल उघडून बघितल्यासारखं झालं, आणि मग तोंडभर हसू पसरलं. “मग घरचीच की! अभिमन्यू आपल्याच कॉलेजात हाय. गुणी पोरगं.” आणि त्यांनी पेन ठेवलं आणि दोन्ही हात जोडून मला नमस्कार केला.

ते हात बघून माझ्या तोंडून आवाज आला तो मला माझा वाटला नाही. “आबा, गाडी कोण चालवत होतं?”

“मॅडम, काय चाललंय!” वकील पुढं झाले. अण्णांनी “ऋतुजा” एवढंच म्हटलं, अगदी हळू. उपरणंवाल्यांपैकी दोघं जवळ सरकले. आबांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. मग ते टेबलावर पुढं झुकले. त्यांच्या तोंडाला लवंगेचा वास होता. रागावले नव्हते ते. हे मला आजही सहन होत नाही, की ते रागावले नव्हते.

“सगळ्या गावाला म्हाईत हाय कोन चालवत हुतं,” ते मला एकटीलाच ऐकू येईल असं म्हणाले. “मी कधी, कुटं, न्हाय म्हनलो का? मला कोर्टानं इचारलंच न्हाय, ताई. कोर्टानं तुज्या बापाला इचारलं.”

आणि त्यांनी पेन उचललं, शेवटच्या पानावर बोट ठेवून “हितंच ना?” असं विचारलं, आणि सही केली. नोटरीनं शिक्का मारला. यातला कोणताही भाग असत्य नाही, असं त्या पानावर छापलेलं असतं, आणि खरंच नव्हता.

ते गेल्यावर अण्णा माझ्याजवळ आले. मला वाटलं आता उद्यापासून येऊ नको म्हणतील. ते म्हणाले, “दहा वर्षं सांगितलं नाहीस की.” त्यांनी माझ्यापुढचे कागद उचलले. “घरी जा. बाकीचं मी करतो. टाइप स्लो आहे माझं, पण करतो.”

मी घरी गेले नाही. मागच्या गल्लीत ॲडव्होकेट संघप्रिया बनसोडेंचं ऑफिस आहे, दहा बाय दहाची खोली, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आणि खाली फायलींचे ढीग. त्यांची कितीतरी अपिलं मी टाइप केली होती, आणि त्यातलंच एक मला आठवत होतं, एका मेलेल्या माणसाच्या मुलीनं केलेलं. मी त्यांच्यासमोर अकरा पानं ठेवली. त्यांनी सगळी वाचली, मधे एकदाही माझ्याकडं पाहिलं नाही.

“मृताची मुलगी अपील करू शकते,” त्या म्हणाल्या. “पण मुदत कधीच संपलीय. विलंब माफ करा म्हणून अर्ज द्यावा लागेल. त्यात कारण लागतं.”

“मला सांगितलं नाही. लपवलं.”

“कुणी?”

“बापानं. आणि भावानं.”

“हे लिहायचं? नावानिशी? वडील कोर्टात खोटं बोलले, का बोलले, हे सगळं? भावाच्या नोकरीवर येईल. आणि एवढं करून अपील दाखल होईलच असं नाही. झालं तरी तू साक्षीदार म्हणून कधी नव्हतीस. मी तुला आशा लावणार नाही.”

“लावू नका. लिहा.”

पण सही करायच्या आधी मी अभीला फोन केला. मागून काही करायचं नव्हतं मला, त्यांच्यासारखं. त्यानं सगळं ऐकलं आणि रडायला लागला. लहानपणी रडायचा तसाच, नाक ओढत. “आक्का, मान्यता काढून घेतील गं माजी.”

“घेतील.”

“मग मी काय करू?”

“ते मला ठाऊक नाही. मी तुला आधी सांगितलं, एवढंच. तुम्ही मला सांगितलं नव्हतं.” आणि फोन ठेवल्यावर मी संघप्रियाताईंच्या खोलीत, त्यांच्या फायलींसमोर, दातांखाली पदर धरून रडले. ते रडणं दुःखाचं नव्हतं.

नोव्हेंबरात आबा निवडून आले. एकवीस हजारांनी. पेपरात पान भरून त्यांची कारकीर्द आली, चार लढती, तीन विजय, सालं आणि मतं चौकटीत मांडलेली, पहिल्या विजयाचा जुना फोटोही होता, उघडी जीप, आबा चाकावर. चाकावर! तो फोटो पंधरा वर्षं कुठं होता, कोर्टात का आला नाही, हे विचारायला मी त्या पेपरच्या कचेरीत गेले, तर तिथल्या माणसानं सांगितलं, तो तर दर निवडणुकीला छापतो आम्ही, मॅडम. मी त्या अंकाच्या चार प्रती घेतल्या आणि एक संघप्रियाताईंच्या टेबलावर नेऊन आपटली. त्यांनी फोटो उजेडाकडं धरून निरखला. मग म्हणाल्या, “एवढ्यावर शिक्षा होत नाही. पण हे दाखल करू.”

पहिली तारीख फेब्रुवारीत लागली, सोलापूरच्या सत्र न्यायालयात. सकाळी मी पायऱ्यांवर उभी होते तेव्हा कॉलेजच्या नावाची पांढरी गाडी आली आणि तिच्यातून अभी आणि आप्पा उतरले. आप्पा केवढे बारीक झाले होते. धुतलेला सदरा, नवी टोपी, कुणीतरी सजवून आणल्यासारखे. माझ्याजवळ आले, पण नजर माझ्या चपलांवर.

“माघारी घे ऋतू,” म्हणाले. “अभीला नोटीस दिलीया संस्थेनं. आबा म्हनले, तू माघारी घेतलीस तर ते बी माघारी घेत्यात.”

“आबांनी पाठवलं तुम्हाला? त्यांच्या गाडीतनं?”

“एसटीनं यळंला पोचलो नसतो.”

“तीन दिवस ठाण्यासमोर बसला होता तुम्ही,” मी म्हणाले. लोक बघत होते, बघू देत. “दिलेलं जेवण कुत्र्याला घातलं होतं. त्या माणसाच्या जिवावर मी जगले आप्पा. तो कुठं गेला? त्याला कुणी मारलं, हे मी कुठल्या कोर्टात विचारू?”

आप्पांनी डोक्यावरची नवी टोपी सारखी केली. अभी म्हणाला, “आक्का, हळू बोल की.” तेवढ्यात आतून आमचा पुकारा झाला आणि मी त्यांना तिथंच सोडून आत गेले.

आत सगळं मिळून सात मिनिटं लागली. ताई बोलल्या. न्यायाधीश मध्यमवयीन, थकलेले होते, विलंबाचा अर्ज वाचताना त्यांनी चष्मा दोनदा काढला. मग त्यांनी मान वर करून मला विचारलं, घटनेच्या वेळी तुम्ही कुठं होतात. मी म्हणाले, आईच्या शेजारी. ते लिहीत राहिले. आदिनाथ महिपती उमाटे यांना नोटीस काढण्याचा हुकूम झाला, एप्रिलची तारीख पडली, पुढचा पुकारा झाला. जिंकले नव्हते मी काही. छातीत राग होता तसाच होता, जडच्या जड, आणि मी तो घेऊन पायऱ्या उतरले.

खाली गाडीचं दार उघडं होतं. अभी आत बसला होता, आप्पा बाहेर उभे. अभी म्हणत होता, “आप्पा, बसा की, ऊन लागतंय.” आप्पांनी माझ्याकडं पाहिलं. मी नोटीस निघाल्याचं सांगितलं नाही, पण त्यांना माझ्या चेहऱ्यावरून कळलं असावं. त्यांनी त्या गाडीकडं पाहिलं, तिच्यावर रंगवलेल्या नावाकडं पाहिलं, मग डोक्यावरची नवी टोपी काढून आत सीटवर टाकली. “तू जा म्होरं,” अभीला म्हणाले. “मी एसटीनं येतो.” आणि चालायला लागले, भराभर, हात मागं बांधून, भिंतीचा ओळंबा बघताना गवंडी पाय कुठं पडतो ते बघत नाही, तसे.

ते सिद्धेश्वर तलावाच्या दिशेनं चालले होते. चुकीच्या. तालुक्याचं कोर्ट त्यांच्या पायाखालचं होतं, पण सोलापुरात त्यांना रस्ता कळत नाही.

“आप्पा, स्टँड तिकडं न्हाय!” मी ओरडले. रागानंच ओरडले.

ते थांबले, पण वळले नाहीत. “मग कुटं हाय?” त्यांनी समोरच्या रस्त्यालाच विचारलं. मी हात करून दाखवला, आणि मग लक्षात आलं की पाठमोऱ्या माणसाला हातानं दिशा दाखवता येत नाही. मला पुढं जावं लागलं.